वरून पडलेला लाडू

तिचं नाव मी विचारलं नाही. संक्रांतीला रत्नागिरीबाहेरच्या अस्पृश्यवस्तीत आमची सुधारक मंडळी तिळगूळ वाटायला गेली, तेव्हा पहिल्याच दाराशी ती उभी होती. पदराला हात पुसून तिने ओंजळ पुढे केली. आमचे पुढारी वकील. रूढींविरुद्ध तासभर बोलणारा माणूस, पण हाताला जुनी सवय. त्यांनी लाडू वीतभर वरून सोडला.

तिने ओंजळ मागे घेतली. लाडू तांबड्या मातीत पडला.

"दादा, सणाचा लाडू हातात देतात," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "वरसून टाकतात ती भीक."

मग ती आतून परडी घेऊन आली. तीळ परवडत नाहीत म्हणून भाजलेलं नाचणीचं पीठ आणि खोबरं गुळात घालून वळलेले लाडू होते. त्यातला एक तिने वकिलांच्या तळहातावर बोटं टेकवून ठेवला. वकिलांनी मूठ मिटली.

"मुठीत कशाला? गूळ पाघळेल. खावा."

असल्या पुढाऱ्यांची चीड मला आजही येते. ती मात्र चिडली नव्हती. भात शिजायची वाट बघावी तशी दाराला टेकून उभी राहिली.

वकिलांनी लाडू खाल्ला. पुढच्या दाराशी त्यांचा हात खाली आला आणि समोरच्या तळहाताला लागला. यात थोरवी कसली? एवढं तर पहिल्याच दाराशी व्हायला हवं होतं.