टाकीतले बोंबील

टाकीत गाळ साचतो तसे किस्से साचतात. गाळ उपसता तरी येतो. हे सांगितले तरी संपत नाहीत, आणि ऐकणारे दरवेळी हसतात. हसा!

आम्ही तीन म्हातारे. जूचंद्रची माझी भातशेती बिल्डिंगीखाली गेली. पास्कूच्या वाडीतली विहीर खारी झाली. पाचूबंदरच्या दोमूने होडी विकली. मग तिघांनी माझ्या घरामागे टाकी बांधली. खाली गोड्या पाण्यातले चिलापी मासे, वर ट्रेमध्ये खडीत लावलेली भाजी. माशांची घाण भाजीला खत, भाजी पाणी गाळून परत खाली सोडणार. मोटर ते पाणी फिरवत राहणार.

माझा मुलगा म्हणाला, "बाबा, धुळवडीला टाकीतल्या माशांचं जेवण घाला. नाहीतर टाकी फोडून तिथे गाडी लावतो."

शेती म्हणून एवढीच उरलेली!

*

टाकीतली शेती शिकायला ट्रेनिंगला गेलो. सर नातवाच्या वयाचे. "काका, माशांचा अनुभव आहे?"

दोमू म्हणाला, "साठ वर्षं मारलेत. जगवला एकपन नाय!"

*

नळाला पाणी नाही म्हणून टँकर मागवला, थेट टाकीत सोडला. सकाळी सगळे मासे उताणे. सरांना फोन केला. "काका, त्यात क्लोरीन असतं. दोन दिवस उघडं ठेवून मग ओतायचं!"

दोमू भडकला. "मासा मरतो ते पानी आपन पितो?"

पास्कू म्हणाला, "आणि मरत पण नाही!"

*

पुन्हा पिल्लं सोडली. भेंडीवर मावा दिसला. पास्कूचा हात जुना, पंप पाठीला लावून औषध मारून मोकळा. भेंडी टवटवीत, मासे खलास.

मी ओरडलो, "अरे, वर मारलंस ते खाली उतरणारच ना!"

"जन्मभर उतरलं," पास्कू म्हणाला. "खाली कोण राहतं ते कधी विचारलं नाही."

*

तिसऱ्यांदा पिल्लं. पाहुणे येणार म्हणून बायकोने ट्रेमधली बुळबुळीत खडी ब्लीचिंग पावडरने घासली. पाणी साफ करणारे जंतू त्या बुळबुळीतच, तिच्यावरच तर टाकी जगते! मी डोक्याला हात लावला.

ती म्हणाली, "मासे गेले ते गेले, खडी बघा कशी चमकते!"

*

धुळवड आली. टाकी रिकामी. दोमूला गुपचूप बाजारातून चिलापी आणायला धाडला. आला तो बोंबील घेऊन!

"दोम्या, चिलापी सांगितली होती!"

"पाचूबंदरचा मानूस चिलापी इकत घेतो? कुनी बघितलं तर?"

आता काय करणार? तळले. बोंबील समुद्राचा, हे आमच्या जूचंद्रची मांजरंही जाणतात.

मुलाने घास घेतला. ताटाकडे बघितलं, मग आम्हा तिघांकडे.

"टाकीतले?"

"टाकीतलेच," पास्कूने छातीवर क्रूस काढून सांगितलं.

मुलाने आणखी दोन मागून घेतले.

गाडी अजून रस्त्यावरच लावतो. सकाळी कामावर जाताना मोटर तोच चालू करतो. टाकीत नुसतं पाणी फिरतं.