लाटण्यावर तपासलेली बॅटरी

लॅबमधले किस्से न धुतलेल्या बीकरसारखे साठतात. एक धुवायला घ्यावा तर मागे चार! पण एका साध्या प्रश्नाने माझी झोपच घालवली. आमचा पट्टा बघायला आलेल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "स्वतःच्या मुलीला बांधाल?" मी "हो" म्हणाले. फार पटकन म्हणाले.

माझी ओवी पाच वर्षांची. ताप चढला की तिला झटके येतात, म्हणून रात्री उठून उठून मी तिचं कपाळ बघते. ताप वाढताच वाजणारा मनगटी पट्टा आम्ही देवपूरच्या कॉलेजात करतोय. त्यातली वाकणारी लिथियम बॅटरी माझ्याकडे. आत क्षार विरघळवलेलं पाणी, त्यामुळे पेटायची भीती नाही, हे संशोधक म्हणून मला ठाऊक. गळली तर? तिथे माझ्यातली आई जागी होते.

*

बॅटरीच्या कॅथोडची काळी पूड इतकी बारीक की श्वासानेही उडते. म्हणून मे महिन्यातही वजन करताना पंखा बंद. एकदा माझे गाईड सर आत आले आणि "काय उकडतंय" म्हणत त्यांनी बटण दाबलं. महिन्याची मेहनत उडाली. लॅब अटेंडंट नाना शांतपणे अहिराणीत म्हणाले, "सर, आपलं संशोधन आते बठ्ठं भिंतवर शे."

*

बॅटरीची पट्टी वाकवून बघायचं यंत्र बिघडलं, तेव्हा मी घरचं लाटणं नेलं. गुंडाळायची, सोडायची, दिवसभर. पट्टी टिकली, पण लाटणं कायमचं लॅबचं झालं. घरी बाटलीने लाटलेली पोळी उचलून नवरा म्हणाला, "बॅटरी तरी गोल झाली का?"

*

पहूरचे आबा, म्हणजे सासरे, एकदा म्हणाले, "पाण्याची बॅटरी? इन्व्हर्टरला आम्हीही पाणीच घालतो. तू नवीन काय केलं?"

"आबा, ही कापडासारखी वाकते."

"वाकू दे. फुटते का, ते सांग."

डॉक्टरबाईंचाच प्रश्न, फक्त घरातून आलेला.

*

मग पट्टा आधी मी बांधला. आठ दिवस. भांडी घासली, कणीक मळली, ओवीला उचललं. सरांनी विचारलं, "रीडिंग कुठे?" मी मनगट दाखवलं. कातडीवर डाग नव्हता. तरी ओवीसमोर बसले तेव्हा पट्ट्याचं बक्कल लागेना.

"हे बघ," मी म्हणाले, "तुला ताप चढला की हा वाजेल. झोपेतसुद्धा."

ओवीने पट्टा उलटसुलट बघितला. मग माझ्या डोळ्यांखाली बोट लावून म्हणाली, "मग आता हा जागेल आणि तू झोपशील?"