हवेचा दाब दोनदा वजा

माझी वहिनी भूमापन कार्यालयात तळमजल्यावर बसते आणि हवेच्या ओझ्याने जमीन किती दबते याचं गणित करते. हे ऐकून लोक आधी हसतात. मीही हसले होते. पण हवेला वजन असतं. दाब वाढला की पायाखालची जमीन काही मिलिमीटर खाली जाते आणि उतरला की पुन्हा वर येते. उपग्रहाच्या मोजणीतून एवढं वजा केलं नाही, तर टेकडी खरंच खचतेय की नुसती हवा बदललीय, हे कळत नाही. दादा जेवताना विचारायचा, "काय, आज किती खचलो आपण?" आणि ही खरोखर आकडा सांगायची.

गेली दोन वर्षं मात्र तिने आकडा सांगणं बंद केलं होतं. तिचं गणित उलटं उत्तर देऊ लागलं होतं: दाब वाढला की जमीन वर. साहेबांनी बैठकीत सगळ्यांदेखत सुनावलं, "मॅडम, निदान अधिक-उणे तरी नीट बघा." तिने ते शंभरदा बघितलं. बॅरोमीटर तपासून घेतले, आख्खा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. शेवटी लेखी आलं, की वर्षअखेर उत्तर जुळलं नाही तर विभाग बंद. विभाग म्हणजे ती आणि एक संगणक.

"अगं वहिनी, वरच्या मजल्यावर विचार तरी. दर वेळी तुझीच चूक कशी असेल?" मी म्हणायचे.

"प्रोग्राम माझा आहे ना? मग चूकही माझीच असणार."

तिचा हा सोशिकपणा माझ्या डोक्यात जायचा.

शेवटच्या महिन्यात तिने आठ वर्षांची जुनी मोजणी काढली आणि पहिल्या दिवसापासून चालवली. सहा वर्षं चोख जुळली. मग एका सोमवारपासून सगळं उलटं, आणि तेही नेमकं तेवढंच. ती तारीख कागदावर लिहून ती वरच्या मजल्यावर गेली. रोजच्या उंचीची फाइल तिला तिथूनच येते.

"या सोमवारी तुम्ही काय बदललंत?" तिने विचारलं.

तिथल्या प्रमुखाने चहाचा कप बाजूला ठेवून नोंदवही चाळली. "हवेचा दाब ना? तो आता आम्हीच वजा करून देतो. तुमचाच प्रोग्राम बसवलाय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला काय सांगायचं? तुमचंच तर आहे ते."

म्हणजे वरून वजा होऊन आलेलं ही खाली रोज पुन्हा वजा करत होती. आणि गंमत ऐका. हेच तुम्ही वर करा, असे तीन अर्ज तिने पूर्वी स्वतः दिले होते. तेव्हा "बघू" म्हणून बोळवण केली, आणि नंतर गुपचूप सुरू केलं. दोन वर्षं एकाच जिन्याच्या दोन टोकांना बसून या माणसांना खाली येऊन एक वाक्य बोलता आलं नाही. माझं तर रक्त उकळलं.

तिने आलेख काढले, साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी ते मनापासून पाहिले.

"तुमचं गणित अगदी बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले. मग आलेख बाजूला सारून, "पण ते वर होतंच आहे. मग खाली वेगळा विभाग कशाला?"

आठवड्याभरात विभाग बंद करण्याचा आदेश आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काम यशस्वीरीत्या पूर्ण.' पुढच्या सोमवारपासून तिने नकाशे विकायच्या खिडकीवर बसायचं होतं.

वहिनीने तो कागद माझ्यापुढे टाकला. "चुकले असते तरी बंद होणार होता," ती म्हणाली. "बरोबर आले, तरी बंदच. मग दोन वर्षं मी स्वतःला मूर्ख का समजत राहिले?"