दोन ते आठच्या मधे

माझ्या आयुष्याची सात वर्षं दोन आणि आठ या आकड्यांच्या मधे गेली. आमच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एक फ्रीज आहे. त्याचा पारा दोन डिग्रीच्या खाली आणि आठच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. सकाळी नऊला पारा बघायचा, वहीत लिहायचा, सही करायची. संध्याकाळी पाचला पुन्हा तेच. रविवारी सुद्धा आणि भाऊबिजेला सुद्धा. नवरा विचारायचा, "तिकडे म्हशी बांधल्यायस का?" म्हशी परवडल्या. त्यांना शेजारीण तरी पाणी दाखवते.

फ्रीजमधे असायचं ते एक रसायन. एचआयव्ही झालेल्या माणसाच्या रक्तात राखणदारी करणाऱ्या एका ठरावीक जातीच्या पांढऱ्या पेशी किती उरल्या, हे त्यानं कळतं. ते नेमकं त्याच पेशींना चिकटतं, चकाकतं, आणि मशीन चकाकणारे ठिपके मोजतं. पण नखरे असे, की घरात आलेल्या जावयाचेही इतके कुणी सोसत नसेल. उजेड नको, ऊन नको, आणि एकदा गोठलं की संपलंच. दाराच्या कप्प्यात ठेवायचं नाही, मागच्या भिंतीला टेकवायचं नाही. मधल्या फळीवर, काळ्या डब्यात. कुणी तिथे कोथिंबिरीची जुडी ठेवली तर मी खिडकीतून बाहेर फेकायची. एकदा मोठ्या डॉक्टरांचा आमरस बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. ते आठवडाभर बोलले नाहीत, पण आमरस पुन्हा आला नाही.

दवाखाना महाड तालुक्यातला, माझं माहेर कशेडी घाटाच्या पलीकडे, खेडच्या बाजूला. आई गेल्यावर वडील तिथे एकटे राहत. घाट उतरला की घर, पण नऊ आणि पाचच्या मधे जाऊन येणं जमायचं नाही. म्हणून मी बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता. खणात होता. सही तेवढी बाकी होती.

त्या आषाढात वडील अंगणात घसरून पडले आणि मी सात वर्षांत पहिल्यांदा फ्रीज दुसऱ्याच्या हवाली केला. आमच्या मावशींच्या. मावशी म्हणजे प्रयोगशाळेची साफसफाई बघणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या बाई. त्यांचं माहेर खाडीकाठचं, भाऊ महाडच्या बाजारात मासळी विकायचा. त्यांना पारा वाचायला शिकवला, दोन-तीनदा वाचून घेतला. त्या म्हणाल्या, "जावा तुमी, मी हाय."

वडिलांचं हाड शाबूत होतं, नुसता मुका मार. शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगून दुसऱ्या दिवशी सकाळीच परत निघाले, तर बोगद्याच्या अलीकडे दरड आलेली. एसटी मधोमध अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे काही नाही. दुपारी चारच्या सुमाराला मावशींचा फोन आला.

"मॅडम, लाईट गेली सकाळधरनं. जनरेटर तं दुरुस्तीला गेलाय. पारा धा दावतंय."

रसायन नासून चालणार नव्हतं. कारण दुसऱ्या दिवशी एक बाई येणार होती.

ती शिवथरच्या बाजूच्या एका वाडीवरची. नवरा मुंबईत, घरात सासू. आजाराचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. औषधं ती तांदळाच्या डब्याच्या तळाशी लपवायची. दोन महिन्यांत अंगावरचं मांस उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, पेशींचा आकडा बघितल्याशिवाय पुढचं ठरवता येणार नाही. बाजाराच्या निमित्तानं ती एकच दिवस येऊ शकणार होती, आणि तो दिवस उद्याचा होता.

"लसीच्या पेटीतले बर्फाचे पॅक घ्या," मी म्हटलं.

"ती पेटी नर्सबाय घेऊन गेल्यात, वाडीवर."

फोनची बॅटरी संपत आली होती, शेजारचा म्हातारा माझ्या पायावर ओकला होता, आणि मी चिडून ओरडले, "अहो मावशी, मग बर्फ आणा बाजारातून! मासळी ठेवता ना बर्फात, तशी ठेवा!"

फोन बंद पडला. मी खिडकीतून खाली बघत बसले. उतरून चालत जावं असं दहादा मनात आलं, पण पुढे रस्ताच नव्हता. मला तेव्हा स्वतःचीच कीव आली. एका फ्रीजला मी बांधलेली आहे आणि त्या फ्रीजपाशीही पोचू शकत नाही. रात्र एसटीतच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात शिरले, तर बाकावर ती बाई बसलेली आणि मावशी दारात. चेहऱ्यावर कौतुक करून घेण्याची तयारी. टेबलावर थर्माकोलची पेटी होती. वर गोणपाट, खाली बर्फ.

"बघा मॅडम, रातभर कसं गारेगार ठेवलंय."

गार होतंच. मासळी टिकायला बर्फात मीठ घालतात. थर बर्फाचा, थर मिठाचा. मिठानं बर्फ आणखी गार होतो, म्हणून तर मासळी दोन दिवस ताठ राहते. मावशींनी किलोभर खडे मीठ घातलं होतं आणि त्यात बाटल्या गळ्यापर्यंत रुतवल्या होत्या. मी एक उचलली. आतलं सगळं दगड झालं होतं.

मी मावशींना काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. त्या बाईसमोर बोलले. अक्कल काढली, वय काढलं. मावशी पदराला हात पुसत ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमीच बोललाव ना, मासळी ठेवता तशी."

मीच बोलले होते.

खरं सांगायचं तर एक क्षण असा आला, की बाटल्या वितळवाव्यात आणि मशीन लावावं. मशीन काहीतरी आकडा दाखवतंच. बाई समाधानानं घरी गेली असती आणि मी सुटले असते. पण तो आकडा खोटा असता. मी बाकाशी जाऊन बसले आणि म्हटलं, "औषध नासलं. माझ्या चुकीनं. आज तपासणी होणार नाही."

"मंग कदी?"

"नवीन यायला तीन आठवडे."

"गणपतीच्या आदी मला निघता यायचं नाय, ताय." तिनं बाही वर केली. "रगत तरी घ्या. कुटं धाडायचं तिकडं धाडा."

मी रक्त घेतलं. नळी बर्फात ठेवायची नसते, त्यामुळे पर्समधे ठेवली आणि तिथल्या प्रयोगशाळेत द्यायला जिल्ह्याच्या गावच्या एसटीत बसले. फ्रीज रिकामा होता. सात वर्षांत पहिल्यांदाच पाच वाजले तरी मला कुठे परतायचं नव्हतं, आणि त्याचं काही म्हणजे काही सुख झालं नाही.

तीन दिवसांनी आकडा आला. फार कमी होता. डॉक्टर म्हणाले, "हिला ताबडतोब बोलवा, वेगळी औषधं सुरू करायला हवीत." बोलवा म्हणजे कसं? घरात फोन एकच, तो सासूकडे. दवाखान्याचा माणूस वाडीवर गेला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात बोभाटा. कागद खणात ठेवला, माझ्या अर्जावर. दिवसातून चारदा खण उघडायची आणि बंद करायची. त्या कागदावर तिचा जीव होता आणि तो मला तिच्यापर्यंत नेता येत नव्हता.

चौथ्या दिवशी मावशींनी रजा टाकली. मला वाटलं, रुसल्या. त्यांनी भावाकडून पाटीभर सुके बोंबील आणि जवळा घेतला, डोक्यावर पाटी ठेवली आणि त्या वाडीवर गेल्या. आषाढात सुकी मासळी घेऊन येणाऱ्या बाईकडे कोण संशयानं बघतंय? घरोघर विकत त्या तिच्या दारात पोचल्या. सासूनं पाणी दिलं, घासाघीस केली, जवळा घेतला. मावशी सुनेला म्हणाल्या, "बोंबील बेस नायत गो आज. चांगले तुज्यासाटनं बाजूला ठेवते, बाजाराला येऊन घेऊन जा." ती मावशींना ओळखत होती. सासूच म्हणाली, "जा गो, घेऊन ये."

ती आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मावशींनी त्या पिशवीच्या तळाशी घातल्या आणि वर खरोखरच बोंबील रचले, म्हणजे घरी कुणी हात घातला तर वासानंच मागे घेईल. मी मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असूं दे, मी पन मीठ जरा जास्तच टाकलावतं."

तोवर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडून थोडं रसायन उसनं आलं होतं, मधल्या फळीवर, काळ्या डब्यात. निघताना ती बाई फ्रीजकडे बघत उभी राहिली.

"परत रगत द्यायला येईन, तवा तुमीच असाल ना ताय?"

खण अर्धवट उघडा होता. अर्ज वरच होता.

"असेन," मी म्हटलं.

ती गेली. पाच वाजले होते. मी उठून पारा बघितला आणि वहीत लिहिला.