वापरात नसलेली धावपट्टी

धावपट्टीवर बावीस वर्षं काढली की किस्से साचतात, हँगरच्या कोपऱ्यात जुने टायर साचतात तसे. टाकून द्यायला कुणाचा हात होत नाही. धुळ्याहून थोडं बाहेर आमची धावपट्टी. गावाचं नाव सांगणार नाही, उगाच बंद करायची फाइल परत उघडायची! मी तिथे शिकाऊ विमानांचा मेकॅनिक, आणि आमचे नाना वॉचमन. तेही फक्त कागदावर.

नानांच्या बापाचं वावर या पट्टीखाली गेलंय. त्यामुळे नियम नानांचा. विमान उडायच्या-उतरायच्या आधी ते सायकलवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार, कुत्री-बकऱ्या-खडे बघणार, मग हिरवं निशाण दाखवणार. तोवर चाक हलायचं नाही.

*

एकदा एक शिकाऊ पायलट चिडला. "नाना, उशीर होतोय मला."

नानांनी पट्टीवर सापडलेला खिळा त्याच्या हातावर ठेवला. "हाऊ खिसामा ठेव. उशीर व्हयना की काढीसन देख."

तो आता मोठी विमानं उडवतो. खिळा अजून त्याच्याकडे आहे म्हणे.

*

उन्हाळ्यात बाया कुंपणाजवळ बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालतात. वरून नोटीस आली, परक्या वस्तू हटवा. नानांची बायको, आमची अक्का, नोटीस आणणाऱ्या बाबूला म्हणाली, "ज्वारी आमनी, जागा आमनी, ऊनबी आमनं. परकं अठे तुम्हीच शेतस."

बाबू जाताना पिशवीभर बिबड्या घेऊन गेला.

*

वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक फाटला. नवा मागितला, उत्तरच येईना. शेवटी अक्कानं जुन्या केशरी लुगड्याचा शिवून दिला. तपासणीवाले म्हणाले, "हे मान्यताप्राप्त कापड नाही."

नाना म्हणाले, "वाराले ते माहीत नही."

*

आणि मागच्या वर्षी पट्टी बंद करायलाच एक साहेब आले. आले तेही चार सीटच्या विमानातून! बंद झाली तर वावर काही परत मिळणार नव्हतं, तिथे प्लॉट पडणार होते. साहेब येणार हे कळल्यापासून दोन दिवस नानांना जेवण गेलं नव्हतं. "बापनी वावर इमानसाठे दिधं, बंगलासाठे नही," एवढंच म्हणत होते. माझंही डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू.

साहेब फिरले, चहा प्यायले आणि आमच्यादेखत त्यांनी फॉर्मवर लिहिलं, "धावपट्टी वापरात नाही." सही तेवढी राहिली होती. मग विमानात जाऊन बसले.

नानांनी सायकल काढली, पट्टीच्या मधोमध नेली आणि स्टँडवर लावली. मग चालत परत आले.

"नाना, निशाण?" पायलटनं विचारलं. इंजिन त्यानं सुरू केलं नव्हतं, त्यालाही नियम माहीत होता.

नाना साहेबांच्या खिडकीशी वाकले. "वापरात नही म्हनी लिखं ना, साहेब? मंग आते उडशात कशावरून?"

साहेबांनी त्या सायकलीकडे बघितलं. मग त्यांनी बॅगेतून फॉर्म बाहेर काढला, पेनचं टोपण उघडलं आणि 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं.

नाना सायकल आणायला निघाले.