पट्ट्यावरची फुली

“खुलता कहाँ से है?”

जनपथ मेट्रोच्या तपासणी यंत्रापाशी बसलेल्या जवानाने बॅग दुसऱ्यांदा फिरवली. पुढे चेन नाही. वर नाही. बाजूला नाही. माझ्या मागे रांग थांबली.

“पीछे से,” मी म्हणाले. “जो हिस्सा पीठ से लगता है, वहाँ.”

त्याने बॅग उलटी केली, चेन ओढली, आत पाहिलं. लॅपटॉप, बाटली, स्वेटर, लाडवांचा डबा. डब्याचं झाकण त्याने स्वतःच परत लावलं.

“चोर भी परेशान हो जाएगा, मैडम.”

“चोर का पता नहीं, हम तो हो गए,” रांगेतून कोणी म्हणालं.

जांभळ्या लाइनच्या गाडीत बसल्यावर मी वहीत लिहिलं: चेन पाठीकडे. गर्दीत सुरक्षित. रांगेत त्रास. दिवसाला चार वेळा मेट्रोत चढणाऱ्याने विचार करावा.

ही बॅग तीन आठवडे माझ्या पाठीवर होती. पुण्यात मी शिकवते त्या कॉलेजला, भाजीला, बँकेत. आता दिल्लीत. राखाडी, मेण लावलेल्या कॅनव्हासची. बाहेर नाव नाही, बक्कल नाही, टाका दिसत नाही. रिकामी असतानाही उभी राहते. अस्तर फिकट पिवळं, त्यामुळे किल्ली शोधायला आत डोकं घालावं लागत नाही. कॉलेजात तीन जणींनी विचारलं, कुठून घेतलीस. उत्तर सोपं होतं. माझ्या मैत्रिणीने केली आहे.

शाहीन आणि मी पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. तिचं घर मूळचं साताऱ्याचं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, म्हणून सगळे दिल्लीत आले. आता ती आणि वडील फरीदाबादला राहतात. त्यांना मी काका म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिने ऑफिस सोडलं आणि बॅगा करायला घेतल्या. पहिली मोठी ऑर्डर चाळीस बॅगांची होती, दक्षिण दिल्लीतल्या एका दुकानाची. सोमवारी अकराला टेम्पो येणार होता. प्रत्येक बॅगेत एक कार्ड, त्यावर माझ्या या ऑनलाइन लेखाचा पत्ता. तेव्हा लेख लिहिलेला नव्हता.

“खोटं लिहू नकोस,” तिने फोनवर सांगितलं होतं. “पण यार, जरा बघून लिही.”

राहण्याची सोय कस्तुरबा गांधी मार्गावरच्या राज्याच्या अतिथीगृहात झाली. पत्र आधी लागतं, महिनाभर आधी मागा. सकाळी पोहे मिळतात. जनपथ स्टेशन चालत दहा मिनिटं. तिथून एकीकडे कश्मीरी गेटचा बस अड्डा, दुसरीकडे फरीदाबाद, मध्ये गाडी बदलायची नाही. पानिपत करायचं असेल तर या लाइनजवळ राहा.

गुरुवारी दुपारी ओल्ड फरीदाबादला उतरले. ई-रिक्षाने दहा मिनिटांत शाहीनचं वर्कशॉप. एक लांब खोली, कापायचं टेबल, दोन मशीन. भिंतीशी चाळीस बॅगा कागदात गुंडाळून ठेवलेल्या. मास्टरजी मशीनवर होते. वय साठीचं, मूळ बरेलीचे, चष्म्याला दोरी.

त्यांनी माझ्या पाठीवरची बॅग उतरवून घेतली. पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे तिथे अंगठा दाबून पाहिला.

“वज़न कितना रखती हैं?”

“लॅपटॉप, पानी, डब्बा. रोज़ का.”

“यहाँ डिब्बा लगना चाहिए था.” त्यांनी बोटाने हवेत चौकोन काढला, त्यात फुली. शाळेच्या दप्तराच्या पट्ट्यावर असते ती शिलाई. “पहले सैंपल में था. फिर हटवा दिया.”

“मास्टरजी, फिर शुरू मत हो जाइए,” शाहीन हसत म्हणाली. “वो लगाओ तो थैला लगता है.”

“थैला टूटता नहीं है, बेटा.”

शाहीनने लाडवांचा डबा उघडला आणि विषय संपला. मी पट्ट्याचं मूळ पुन्हा पाहिलं. कापड कापडात विरघळल्यासारखं. वहीत लिहिलं: शिलाई दिसत नाही. सुंदर.

शुक्रवारी काकांबरोबर काला अंब, पानिपतच्या लढाईची जागा. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि वर्षातून एकदा तिथे जातात. जानेवारीत लढाईच्या दिवशी फार गर्दी असते, म्हणून ते फेब्रुवारीत जातात. सकाळी सातला ते कश्मीरी गेटला माझ्या आधी हजर होते. मफलर, इस्त्रीची पँट, हातात स्टीलचा रिकामा डबा.

“अंडर सेक्रेटरीची मुलगी बॅगा शिवते,” बसमध्ये बसल्यावर त्यांनी माझ्या मांडीवरची बॅग थोपटली. “लोक विचारतात, साहेब, मुलगी काय करते? मी म्हणतो, थैल्या. मग ते गप्प बसतात. मजा येते.”

हरियाणाच्या बसला तिकीट दोनशेच्या आत. सुटे पैसे ठेवा. दोन तास लागतात, धुकं असेल तर तीन. आम्हाला अडीच लागले. बस मुरथलला थांबली, आम्ही एक पराठा दोघांत खाल्ला. त्यावरचं लोणी काकांनी चमच्याने बाजूला केलं आणि मग सगळं खाल्लं.

पानिपतहून काला अंब आठेक किलोमीटर. ई-रिक्षावाला थांबायला तयार असतो, जाऊन-येऊन तीनशे ठरवा. बाग नीटनेटकी आहे. जाळीच्या कुंपणात विटांचा खांब. जिथे आंब्याचं झाड होतं तिथे आता फक्त फलक आहे. बाहेर गहू आणि मोहरीची पिवळी शेतं. आमच्याशिवाय कोल्हापूरकडचं एक कुटुंब होतं. त्यांच्यातल्या बाईंनी चपला काढल्या, जमिनीला हात लावला, कपाळाला लावला.

काका कडेला उकिडवे बसले आणि चमच्याने डब्यात माती भरू लागले. साताऱ्याला त्यांचा मोठा भाऊ आहे. त्याला आता प्रवास होत नाही. दर वर्षी कोणी पुण्याकडे जाणारं सापडलं की माती जाते. या वर्षी मी.

“आमच्याकडचे किती पडले इथे, कोणी नावं लिहिली नाहीत,” काका म्हणाले. “तोफखान्यात आमचे होते. तेही या मातीतच. दादा म्हणतो, तू हजेरी लावून ये.”

डबा बॅगेत गेला. जड झाली, पण फार नाही. लॅपटॉप मी खोलीवरच ठेवला होता. एकूण वजन रोजच्याइतकंच होतं. हे मुद्दाम लिहिते आहे.

परतताना कश्मीरी गेटला उतरलो तेव्हा चार वाजले होते. काकांनी बॅग माझ्याकडून ओढून घेतली.

“दे. मुलीने केलेली आहे. एकदा मलाही बघू दे पाठीवर कशी लागते.”

मेट्रोकडे जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर ते पुढे, मी दोन पायऱ्या खाली. उजवा पट्टा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी त्याच्याकडेच पाहत होते, कारण त्यावर ऊन पडलं होतं आणि कापड छान दिसत होतं.

पट्टा निघाला. टाके एकेक करून उसवले नाहीत. सगळे एकदम गेले. बॅग डावीकडे फिरली, काका तिच्यामागे वळले, आणि पुढच्या पायरीवर हात टेकून पडले. पायऱ्या वर चालल्याच होत्या. बॅग माझ्या गुडघ्याला लागून खाली गेली. चेन नीट लावलेली नव्हती; डबा बाहेर पडला, झाकण उडाल्याचा आवाज आला.

जिना थांबवायचं लाल बटण एका अनोळखी बाईने दाबलं. दोन माणसांनी काकांना उचललं. त्यांचा उजवा हात मनगटापाशी भलत्याच बाजूला वळला होता. मी त्या हाताकडे पाहत राहिले. आपण काय पाहतो आहोत ते कळायला किती वेळ गेला, सांगता येत नाही.

“माती,” काका म्हणाले.

माती जिन्याच्या तळाशी पसरली होती. झाडूवाली बाई सुपलीत भरत होती. तिकिटं, बडीशेपेचा कागद, माती.

“इसमें क्या था?” तिने मला विचारलं.

“मिट्टी.”

“मिट्टी?” तिने काकांकडे पाहिलं, मग सुपलीकडे. काही न विचारता तिने तिकिटं बोटांनी वेचून काढली आणि बाकीची माती डब्यात ओतली.

जवळच्याच एका रुग्णालयात मनगटाचं हाड मोडल्याचं कळलं. प्लास्टर सहा आठवडे. डॉक्टर म्हणत होते, “उँगलियाँ हिलाइए, अंकल,” आणि काका हलवत होते.

शाहीन तासाभरात आली. “अब्बा, खूप दुखतंय?” ती त्यांच्याशी बोलत होती, डोळे त्यांच्यावर होते, आणि बोटं माझ्या हातातल्या बॅगेवर, जिथून पट्टा निघाला होता तिथे. तिथे एकच शिलाई होती. खाली गोंद.

“मी घसरलो,” काका म्हणाले. “घसरलो म्हणून पट्टा ओढला गेला. त्या बिचाऱ्या बॅगेचं काही नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे होते हे त्यांना माहीत होतं.

बाहेरच्या बाकावर मी शाहीनला सांगितलं. पट्टा आधी गेला. काका नंतर. वजन रोजचं होतं. मग माझा आवाज चढला. ती फुली का काढलीस, मास्टरजी सांगत होते, अक्कल कुठे ठेवली होतीस, दिसण्यासाठी, फक्त दिसण्यासाठी. शेजारचं कुटुंब आमच्याकडे पाहू लागलं.

शाहीनने सगळं ऐकून घेतलं. मग फोन काढला, जुन्या मेसेजांत बरंच मागे गेली, आणि फोन माझ्या हातात दिला.

ऑक्टोबर. पहिल्या नमुन्याचा फोटो. राखाडी बॅग, पट्ट्याच्या मुळाशी चौकोन, त्यात फुली. खाली माझा मेसेज:

“अप्रतिम! फक्त ती फुली काढ ना. शाळेचं दप्तर वाटतं.”

त्याखाली तिचा: “अच्छा. मास्टरजी ओरडतील. काढते.”

मी ते दोनदा वाचलं. फोटो आठवत नव्हता. मेसेज आठवत नव्हता. चहा पिताना, दोन वर्गांच्या मध्ये कधीतरी टाकला असेल.

“मी विसरून गेले होते,” मी म्हणाले.

“मी नाही विसरले.” तिने फोन परत घेतला. “तुझ्यावर ढकलत नाहीये. तू म्हणालीस, काढली मी. पण मघापासून तू फक्त मला बोलते आहेस.”

नंतर तिने विचारलं, “काय लिहिणार?”

मी उठले. आत जाऊन काकांजवळ बसले.

शनिवारी दुपारच्या गाडीआधी फरीदाबादला निरोप घ्यायला गेले. काका खाटेवर, हात उशीवर. माती आता जॅमच्या बरणीत होती.

“त्यात जिन्याची धूळ पण आली असेल,” ते म्हणाले. “दादाला सांग, दिल्लीची पण घेतलीये. राजधानी आहे शेवटी.”

शाहीन स्वयंपाकघरात होती. काकांनी आवाज खाली आणला.

“लेख चांगला लिही. चाळीस बॅगा आहेत. पहिलंच दुकान आहे तिचं. म्हाताऱ्याचं हाड काय, जुळतं. मी घसरलो, एवढंच.”

“काका, पट्टा माझ्या डोळ्यांसमोर होता.”

“अच्छा.” ते प्लास्टरकडे पाहत राहिले. “मग डोळे तुझे. काय सांगू मी?”

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. शाहीन बाहेर आली, दशमीचा डबा माझ्या हातात दिला, आणि स्टेशनपर्यंत ई-रिक्षात माझ्या शेजारी बसून राहिली. उतरताना एकदाच म्हणाली, “आधी मला पाठव.”

रविवारी संध्याकाळी पुणे. बॅग रिकामी केली. अस्तरात चेनच्या कडेने माती अडकली आहे, झटकून निघत नाही. डावा पट्टा शाबूत आहे. उजव्याच्या जागी कॅनव्हासला ओळीने बारीक भोकं.

वाचकांसाठी निष्कर्ष. बॅग देखणी आहे. पाठीला बसते, पाणी आत जात नाही, चेन अडत नाही, अस्तराचा रंग योग्य आहे. रोजच्या वजनाला पट्टा टिकत नाही. तीन आठवड्यांनी तो निघाला आणि एका माणसाचं मनगट मोडलं. तो पडला म्हणून पट्टा तुटला नाही. पट्टा तुटला म्हणून तो पडला. पट्ट्यावर जी शिलाई हवी होती ती पहिल्या नमुन्यात होती. ती काढायला मी सांगितलं होतं. या पानावर मी सहा वर्षं तुम्हाला बॅगा, बूट, तंबू सुचवते आहे. पट्ट्याच्या मुळाशी अंगठा दाबून मी एकदाही पाहिलं नव्हतं.

एवढं लिहून शाहीनला पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. साताऱ्याला फोन करून सांगितलं की बरणी पुढच्या रविवारी घेऊन येते. हाताचं काही बोलले नाही, ते काका सांगतील.

सोमवारी सकाळी दहाला शाहीनचा फोटो आला. चाळीस बॅगांचे कागद सोडलेले, टेबलावर ढीग, मास्टरजी मशीनवर वाकलेले. पट्ट्यावर पांढऱ्या दोऱ्याने चौकोन, त्यात फुली. खाली लिहिलं होतं, टेम्पोला येऊ नको म्हणून सांगितलं, दुकानदार चिडलाय, लेख टाक.