केनची दुनळी

आमच्या शेजारच्या जयंतकाका ओगल्यांनी आयुष्यात मुंगीवरही पाय दिलेला नाही. घरात कोळी सापडला तर ते त्याला पेल्याखाली धरून बागेत सोडून येतात आणि वर "थंडी आहे, जप रे बाबा" असंही सांगतात. अशा माणसाच्या गॅरेजमधल्या पोलादी कपाटात हत्तीच्या शिकारीची दुनळी रायफल आहे, हे मला इंग्लंडात मेडनहेडला राहायला आल्यावर वर्षभरानं कळलं. मी पुण्याचा, आयटीतला; माझी मजल दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापर्यंत. मला ते अजिबात आवडलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. काका म्हणाले, "बंदूक मलाही आवडत नाही, अवधूत. मला तो प्रॉब्लेम आवडतो."

प्रॉब्लेम असा. रायफलला शेजारी शेजारी दोन नळ्या. उजवी उडवली की बंदूक उजवीकडे झटका खाते, डावी उडवली की डावीकडे. म्हणून बनवणाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी दोन्ही नळ्या पुढच्या टोकाशी किंचित एकमेकींकडे झुकवून जोडल्या, तेही त्या काळच्या एका ठरावीक काडतुसाच्या हिशोबानं. त्या काडतुसातली शेवयांसारखी दारू बंद होऊन जमाना झाला. आता घरी काडतूस भरायचं तर नवी पावडर वापरायची; ती जरा कमी पडली तर दोन गोळ्या एकमेकींपासून फाकतात, जास्त झाली तर वाटेत एकमेकींना ओलांडून जातात. "दोघांना एकाच ठिकाणी पोचायचं असेल तर दोघांनीही थोडं आत वळावं लागतं," हे वाक्य काका येईल त्या पाहुण्याला ऐकवतात, आणि दर वेळी वरदाकाकू चहाचे कप उचलून आत जातात.

रायफल मूळची केनची. केन आणि काका स्लाऊच्या एका कारखान्यात एकाच बाकावर कामाला होते. केननं ती केनियाहून परतलेल्या कुठल्याशा म्हाताऱ्याकडून घेतली आणि तिच्यापायी काकांनाही नादाला लावलं. दर रविवारी दोघं केनच्या गॅरेजमध्ये. अंगठ्याएवढ्या जाड पितळी नळकांड्यांत पावडर मोजून घालायची, वर राहिलेली पोकळी कापसानं भरायची, मग गोळी बसवायची. नवी पावडर जागा कमी व्यापते, ती आत हलू नये म्हणून कापूस. केनला कुणीतरी सांगितलं होतं की सावरीचा कापूस उत्तम. काकांनी काकूंची माहेरची उशी उसवली. त्यावर घरात जे रामायण झालं, ते काकू आजही पहिल्या सर्गापासून सांगतात.

केन गेला, पण दोन नळ्या काही जुळल्या नाहीत. निशाणाच्या पुठ्ठ्यावर गोळ्या परातभर अंतरावरच पडत राहिल्या. जाताना त्यानं रायफल काकांच्या नावे केली. काका केनविषयी बोलायला लागले की चहा गार होतो. केननं आणलेलं गचाळ सँडविच, केनची जुनी व्हॅन, आणि प्रत्येक फसलेल्या गोळीनंतरचं त्याचं "नेक्स्ट संडे, जय". मला वाटतं, त्या नेक्स्ट संडेसाठीच काका इतकी वर्षं थांबले होते.

गेल्या वर्षी काकांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गाडी बंद झाली, आणि नोव्हेंबरात संपणारं रायफल बाळगायचं सर्टिफिकेट पुन्हा मिळणार नाही हे काकांनीच ओळखलं. बंदुकांच्या डीलरशी विकण्याचं बोलून ठेवलं. त्याआधी एकदाच, दोन्ही नळ्या एका जागी. त्यातल्या त्यात जमत आलेली एक पावडर डब्याच्या तळाशी उरली होती. ती आता बाजारातून उठली आहे. हात शांत असेल त्या सकाळी एखादं, असं करत काकांनी उन्हाळाभर काडतुसं भरली. कुणात पावडर थोडी कमी, कुणात थोडी जास्त. प्रत्येकावर काळ्या मार्करनं त्या मापाची खूण.

मग आली खंडेनवमी. काका दरवर्षी पाटावर रायफल, काडतुसं भरायचा प्रेस, तराजू मांडून पूजा करतात. झेंडू मिळत नाही म्हणून सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती. त्या दिवशीही त्यांनी सगळं मांडलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. काकूंना ती काळवंडलेली काडतुसं बघवेनात. समई, निरांजन, तांब्या घासायला चिंच भिजवलेली होतीच. त्यांनी काडतुसं परातीत घेतली आणि चिंचेनं अशी लखलखीत केली की देवांनी डोळे मिटावेत.

मी प्रसादाला गेलो तेव्हा काका परातीकडे बघत उभे होते. एकाही काडतुसावर खूण उरली नव्हती.

"पूजेला काळं पितळ ठेवायचं का?" काकू म्हणाल्या. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. काकांनी अगदी हळू आवाजात समजावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. काकूंनी परात पुढे सरकवली. "मग परत भरा ना."

"या हातांनी?" काकांनी हात पुढे केला.

काकूंनी त्या हाताकडे बराच वेळ बघितलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "मला सांगा कसं करायचं ते. दसऱ्यानंतर बसू. आज हत्याराला हात लावायचा नाही."

त्यानंतरच्या रविवारी मी डोकावलो तर दोघं गॅरेजमधल्या टेबलाशी. काका सांगत होते, काकू काडतूस उघडत होत्या, पावडर वाटीत काढून तराजूवर मोजत होत्या, पुन्हा भरून खूण करत होत्या. आयुष्यभर मोदकांच्या कळ्या पाडलेला तो हात जराही हलत नव्हता. "चकलीच्या भाजणीलासुद्धा मी एवढं मोजत नाही," त्या कुरकुरल्या. मग एकदम म्हणाल्या, "अहो, नवीन आलो तेव्हा स्लाऊच्या त्या एका खोलीत रविवार मला खायला उठायचा. तुम्ही केनकडे. मी खिडकीशी बसून समोरच्या बाईचे कपडे वाळताना बघायची."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

आता काकांनी विचारलं. मग स्लाऊचा तो रॉकेलचा हीटर निघाला, पहिला बर्फ निघाला, घरमालकाचं मांजर निघालं, आणि मी मुकाट्यानं बाहेर आलो. पुढचे सगळे रविवार ते असेच बसले.

सर्टिफिकेट संपायच्या आदल्या शनिवारी मी दोघांना नेमबाजीच्या रेंजवर नेलं. काकू तिथे पहिल्यांदाच आल्या होत्या. कानांवर आवाज अडवणारे मफ्स चढवून त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या, बोटांनी माझा कोट घट्ट धरून. आधीच्या जोड्या फाकल्यावर काकांनी नवा पुठ्ठा लावून घेतला आणि शेवटच्या जोडीसाठी रायफल टेकूवर ठेवली. खूप वेळ ती हलत राहिली. मग उजवी नळी वाजली आणि माझ्या छातीत धक्का बसला. पुन्हा खूप वेळ. मग डावी.

रेंजवरचा गोळीबार थांबवून सगळे पुठ्ठ्यापाशी चालत गेलो. दोन भोकं शेजारी शेजारी होती. एका वाटीखाली झाकली असती. काका त्यांच्यावरून बोट फिरवत राहिले आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, रडले. "केनला बघायला मिळायला हवं होतं," ते म्हणाले. काकूंनी त्यांची कॉलर नीट केली. माझेही डोळे भरून आले, आणि बंदुकीपायी ते भरावेत याचा मला रागही आला.

डीलर कार पार्कमध्ये थांबला होता. सह्या झाल्या, रायफल त्याच्या गाडीत गेली. परतीच्या वाटेवर दोघं माझ्या मागच्या सीटवर बसले होते. मोटरवे लागल्यावर काकू म्हणाल्या, "मग उद्या काय करायचं?"

"उद्या काय? रायफल गेली, वरदा."

"गेली हो. तुमचं जमलं, मला आनंद आहे. पण मी आत्ता कुठे त्या टेबलाशी येऊन बसले होते."

मी आरशात बघायचं टाळलं. मग काकांचा आवाज आला.

"टेबल कुठे विकलंय?"